एक सूत कमी

जाळीवाल्याचा हात मोडला तो माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच स्टुलावरून पडून. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझाही थोडा वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते. स्टूल डुगडुगतं हे मी बजावलं होतं. "बाई, बावीस वर्षं स्टुलांवरच काढलीत," असं म्हणून ते चढले. मागच्या दाराला डासांसाठी जाळीचं दार करून घ्यायचं होतं. त्यांनी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात टेप टेकवली, ती ओढत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नेली, आणि पुढच्या क्षणी ते जमिनीवर. उजवं मनगट नको तिथे वाकलेलं. मी फोन शोधायला धावले, तर हे पडल्यापडल्या ओरडतायत, "आधी वरची रुंदी लिहून घ्या! तेहतीस इंच, दोन सूत!"

असा माणूस. पन्नाशीचा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट आणि कानावर पेन्सिल. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या केलेल्या, दुसरीकडे जाळीचे गुंडाळे, मधोमध कापायचं टेबल. अगदी मागे, खिडकीपाशी, त्यांची बायको बसायची. चौकटीच्या खाचेत जाळी घालायची आणि वरून रबरी दोरी छोट्या चाकाने दाबत न्यायची, हे तिचं काम. "तिने दाबायचं, मी मोजायचं," असं ते सगळ्यांना सांगत, आणि सांगताना मोजण्यावर जरा जास्त जोर देत.

मोजण्याचा त्यांना खरोखर गर्व होता. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं दोनदा, आणि सगळ्यांत कमी येईल ते खरं धरायचं. "चौकट काटकोनात असते ती फक्त तुमच्या पुस्तकात," असं मला मुद्दाम ऐकवायचे, कारण मी कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. हिशेब सगळा इंच आणि सुतांत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्हाआम्हाला तो डोळ्यांनी जाणवत नाही, पण डासाला एक सूत म्हणजे वेशीचा दरवाजा. आणि त्यांची ती टेप! तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बायकोनेसुद्धा नाही, हा त्या दुकानातला कायदा होता.

हात प्लास्टरमध्ये गेला आणि माझं दार अर्धवट मोजलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको आली. हातात कोरी करकरीत टेप, अजून पुठ्ठ्यावरची.

"ह्यांनी स्वतःची दिली नाही," ती म्हणाली. "म्हणाले, तुझी तू घे. घेतली."

"मोजता येतं का तुला?"

"बघू या," म्हणाली. खोटा आव नाही, की लाजणं नाही. मला बरं वाटलं.

तिने आधी टेप काढलीच नाही. माझं लाकडी दार चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. कडीचा दांडा किती बाहेर येतो ते बोटांनी पाहिलं, म्हणजे तो जाळीच्या दारावर आपटायला नको. मग खाली बसली आणि एक सरळ पट्टी जमिनीवरून, दार जसं फिरेल तशी अर्धगोल फिरवत नेली. मध्येच पट्टी अडकली.

"इथे फरशी वर आलीय, बाई. उंबऱ्याशी माप बरोबर येईल, पण दार अर्धं उघडलं की खालून घासेल."

मी या घरात एकतीस वर्षं राहते. फरशी तिथे वर आलीय हे मला ठाऊक नव्हतं.

"कचऱ्याची बादली कुठल्या हाताने नेता?"

"त्याचं काय?"

"म्हणजे कडी कुठल्या उंचीवर आणि कुठल्या बाजूला, ते ठरवते. दोन्ही हात भरलेले असले तर कोपराने उघडता आलं पाहिजे."

एवढं झाल्यावर तिने रुंदी तीन ठिकाणी आणि उंची तीन ठिकाणी घेतली. कापलंही तिनेच, कारण दुसरं होतं कोण? चौथ्या दिवशी दार बसलं. कुठे घासलं नाही, कुठे फट नाही. मी कोपराने उघडून पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून दाखवलं. तिथून सुरू झालं.

दोन महिन्यांत आमच्या आसपासच्या गल्ल्यांत तिचं नाव पडलं 'मोजणीवाल्या ताई'. जाळीवाले गळ्यात हात अडकवून दुकानात बसलेले, आणि फोन आला की पलीकडून तेच: ताई आहेत का? ताईंना पाठवता का? एकदा मी तिथेच होते. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मी मेलो बहुतेक. मला कळवायचं तेवढं राहिलंय."

"तुमच्याच दुकानाचं नाव होतंय ना?"

"दुकानाचं होतंय, माझं कुठे होतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक सांगा. तुमच्या पुढच्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या मी बसवल्या. नऊ वर्षं झाली. कधी 'वा' म्हणालात?"

मी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले.

"दार नीट बसलं की माणसं दार लावून घेतात. माझ्या तोंडावर लावून घेतात. बावीस वर्षं मी हेच बघतोय. आणि ही बादली कुठल्या हाताने नेता विचारते, तर हिचं कौतुक! मीही विचारलं असतं. मला सुचलं नाही." हे शेवटचं वाक्य ते एवढ्या रागाने बोलले की मागे दोरी दाबत बसलेल्या बायकोची मान वर झाली.

"काय झालं हो?"

"काही नाही. तू दाब."

मग त्यांनी नाना प्रकार केले. ती घरी आली की कुणाकडे गेली होतीस, काय म्हणाले, चहा दिला का, माझ्याबद्दल विचारलं का. विचारलं नाही म्हटलं की तोंड पाडायचं, आणि विचारलं म्हटलं तर काय विचारलं, कसं विचारलं, हसून विचारलं का. तिने दार बसवलेल्या घरी गुपचूप जाऊन डाव्या हाताने फटी चाचपून यायचे. "रस्त्यात होतो, म्हटलं एकदा बघून घेऊ," असं सांगत. फट कुठे नसायचीच. माझ्या शेजारणीने मला सांगितलं, "चूक सापडली नाही तर केवढे हिरमुसले हो! मलाच वाईट वाटलं."

इथे मी त्यांना नावं ठेवून मोकळी होऊ शकते, पण मला ते शोभणार नाही. कॉलेजात माझ्याहून बारा वर्षांनी लहान असा एक मास्तर आला होता, त्याच्या तासाला मुलं दारात उभी राहायची. एकदा त्याने प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मागितली. सापडत नाही म्हणून सांगितलं मी. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. तेव्हा हेवा म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

प्लास्टर निघालं. आता मोजायला तेच जाणार असं त्यांनी धरलेलं, पण लोक ताईंनाच मागत राहिले. तेव्हा त्यांनी कापायचं टेबल परत ताब्यात घेतलं. "तू माप आण, कापायला मी बसतो. करवत काही बायकांचं काम नाही." दोन महिने तिने करवत चालवली होती ते विसरले वाटतं.

आणि चुका व्हायला लागल्या.

पहिलं दार फटीचं निघालं. कडेला बारीकशी फट, पण डास त्यातून आत. दुसरं तसंच. तिसरं दार माझ्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांचं. हे गृहस्थ पोस्टमनने बेल दोनदा वाजवली तरी तक्रार करतात. ते जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकवत होते, "ताई, ताई म्हणून डोक्यावर घेतलं. साधं दार मोजता येत नाही!"

ती ऐकत उभी होती. नंतर माझ्याकडे आली, पाणीसुद्धा नको म्हणाली.

"तीन-तीन वेळा मोजते, बाई. घरी येऊन कागद परत बघते. कापलेलं तेवढं मोजत नाही, ह्यांचं कापणं कधी चुकत नाही. दर वेळी एक सूत कमी पडतंय. बरोब्बर एक सूत. माझे डोळे गेले का?"

"नवरा काय म्हणतो?"

"हे? लागेल असा एक शब्द बोलले नाहीत. 'होतं गं, नवीन आहेस,' म्हणाले. फटीला कडेने चिकटपट्टी लावून दिली. काल तर माझ्यासाठी चहा केला."

त्या चहाने माझ्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षांत ज्याने बायकोला टेपला हात लावू दिला नाही, तो तिच्या चुकीवर चहा करून देतो?

त्याच आठवड्यात मोठं काम यायचं होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता डॉक्टर आहे, तिने गावाबाहेरच्या रस्त्याला बाळंतपणाचं इस्पितळ काढलंय. सव्वीस दारं-खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या. मीच ताईचं नाव सुचवलं होतं. पण साहेबांची जिन्यातली तक्रार फिरत फिरत त्या डॉक्टरपर्यंत गेली. मला म्हणाली, "बाई, आधी एक दार करून दाखवू देत. तान्ही बाळं असतात, मला फट चालणार नाही. नीट बसलं तर सगळं काम त्यांचं."

हे मी ताईला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तेही कमी पडलं तर मी परत टेपला हात लावणार नाही. मागे बसून दोरी दाबेन. तेच बरं."

ती हे बोलली आणि मी उठले. दुकानात गेले तर ती माप घ्यायला इस्पितळात गेलेली, हे एकटे टेबलाशी. मी सरळ टेबलावरची त्यांची टेप उचलली.

"अहो बाई, ती..."

"माहितीय. हात लावायचा नाही."

टेपचं टोक पाहिलं. कडेला अडकवायचा हूक मूळचा नव्हताच. कधीतरी टोक तुटलेलं, तिथे दुसरा हूक ठोकून बसवलेला, आणि ठोकताना टेपचा पुढचा एवढासा तुकडा गेलेला. टेपवरचे आकडे शून्यापासून नाही, एका सुतापासून सुरू होत होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्या तासाला हेच शिकवायचे, की मोजण्याआधी शून्य शून्यावर आहे का ते बघा. ही टेप प्रत्येक माप एक सूत वाढवून सांगणार. मोजायलाही हीच आणि कापायलाही हीच, तेव्हा एक चूक दुसरीला खाऊन टाकते आणि दार बरोबर बसतं. इतकी वर्षं बसत होतं. पण मोजायला तिची कोरी टेप आणि कापायला ही, म्हणजे पट्टी एक सूत आखूड. हटकून.

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

ते करवतीकडे बघत राहिले. "टोक तुटलं बारा वर्षांपूर्वी."

"ते नाही विचारत. तिचं माप का कमी पडतंय, हे कधी कळलं?"

"पहिल्या दाराला."

मी त्यांना इतकी वर्षं 'अहो-जाहो' करत आले. त्या दिवशी एकेरीवर आले. "आणि तू गप्प बसलास? ती डोळे तपासून घ्यायला निघालीय!"

"मी वाकडं काय केलं? तिने जे माप दिलं तेवढंच कापलं."

"मला शिकवू नकोस."

मग त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "बाई, तुम्ही नव्हतात. पहिलं दार कमी पडलं ना, तेव्हा त्या घरच्या बाई मला म्हणाल्या, 'तुम्हीच यायचं होतं हो.' किती दिवसांनी मला कुणी असं म्हणालं. म्हटलं, अजून एकदा. मग अजून एकदा."

"आज संध्याकाळी तिला सांग. नाहीतर मी सांगेन."

"सांगतो."

त्याच दिवशी जाऊन तिला सगळं सांगून टाकायला हवं होतं, हे मला आता कळतं. पण ती किल्ली मला आठवली. माणसाला स्वतःहून बोलायला एक संधी द्यावी म्हटलं, आणि घरी आले.

शुक्रवारी सकाळी इस्पितळात गेलो. डॉक्टर, मी, ती दोघं. दार बाळंतिणींच्या खोलीचं होतं. तयार चौकट दोघांनी मिळून उचलून लावली. दार बसलं. नुसतं बसलं नाही, खणखणीत बसलं. डॉक्टरने कडेने कागद सरकवून पाहिला, कागद आत जाईना. "छान!" म्हणाली. "बाकीची मापं कधी घेताय, ताई?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघेनात. मला वाटलं सांगितलं असेल, दोघांनी मिळून निस्तरलं असेल, प्रश्न मिटला.

डॉक्टर आत गेली. ताईने खिशातून आपली टेप काढली आणि बसलेल्या दाराची पट्टी, वरची, मग उभी, सावकाश मोजली. मग खिशातला कागद काढून पाहिला.

"अहो," ती म्हणाली, "मी बत्तीस इंच सहा सूत लिहून दिलं होतं. पट्टी भरतेही तेवढीच. पण तिच्यावर तुमच्या पेन्सिलीने बत्तीस सात लिहिलंय. उंचीलाही एक सूत जास्त."

"मग? बसलं ना."

"तेच म्हणतेय. बसलं. तुम्ही माझ्या मापापेक्षा एक सूत जास्त धरून कापलंत आणि बसलं." ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "जास्त का धरलंत?"

"अंदाज घेतला..."

"तुम्ही? अंदाज? अर्ध्या सुतासाठी मला ओरडता तुम्ही."

मला त्या क्षणी कळलं की त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. एवढंच केलं होतं की टेपच्या आकड्यावर एक सूत वाढवून कापलं, चूक गुपचूप झाकली आणि वाटलं, झालं. पण जी बाई आता बसलेलं दारसुद्धा परत मोजून बघते, तिच्यापासून ते लपायचं कसं? दुरुस्तीनेच त्यांना पकडून दिलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला. "बाई, तुम्ही नका बोलू." खाली बघून म्हणाले, "माझ्या टेपला एक सूत खोट आहे. तुझी बरोबर आहे. तिन्ही मापं बरोबर होती."

"आणि हे तुम्हाला..."

"माहीत होतं."

ती दाराच्या जाळीवरून बोट फिरवत राहिली. आत कुठेतरी तान्हं बाळ रडत होतं, नर्सची चाहूल लागत होती. मग तिने विचारलं, "चहा का केलात त्या दिवशी?"

त्यांनी बिजागरीचा घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा आवळला.

"सव्वीसचं काम मी घेणार," ती म्हणाली. "मोजणारही मी आणि कापणारही मी. तुम्ही बसवायचं. आणि आज, आत्ता, तिन्ही घरी जायचं. मापं बरोबर होती आणि चूक कापणाऱ्याची होती, हे तुमच्या तोंडाने सांगायचं. माझ्यासमोर."

"डॉक्टरांनाही सांगू का?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"त्यांना दार दिसलं. पुरे."

पहिल्या दोन घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, मुद्दाम. निवृत्त साहेबांनी दार उघडलं. जाळीवाल्यांनी घसा खाकरला. "साहेब, तुमच्या दाराची मोजणी बरोबर होती. कापणी मी केली, ती चुकली. उद्या बदलून देतो."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे. आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तरीच! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, ताईंचं माप चुकणार नाही!"

हा माणूस काय म्हणाला होता ते सगळ्या जिन्याला पाठ होतं. साहेबांनी ताईला आत बोलावलं, बेडरूमच्या खिडकीचंही बघून घ्या म्हणाले, खुर्ची दिली. जाळीवाल्यांना कुणी आत या म्हणालं नाही. ते उंबऱ्याबाहेर हातात शिडी धरून उभे राहिले. तिचं बोलणं आतून ऐकू येत होतं, खिडकी कुठल्या हाताने उघडता, पडदा कुठपर्यंत येतो. ते कान देऊन ऐकत होते.

मी खालून विचारलं, "काय हो, हलकं वाटतंय ना आता?"

"कसलं हलकं, बाई," ते म्हणाले. "पडदा मला सुचला नव्हता."